पुट्टी मारून प्रकरण मिटणार नाही

हा इशारा नाव न घेता दिला आहे, पण ज्यांना तो लागू आहे त्यांना बरोबर कळेल. ज्या बिल्डरांनी गेल्या पाच वर्षांत फ्लॅटचे ताबे दिले, ज्यांच्या ऑफिसात गळतीची, भेगांची, उखडलेल्या टाइल्सची, आठवड्याआड बंद पडणाऱ्या लिफ्टची लेखी तक्रार पडून आहे आणि ज्यांनी तिला ‘माणूस पाठवतो’ यापलीकडे उत्तर दिलेले नाही, त्यांच्यासाठी तो आहे. तक्रार हातात पडल्यापासून तीस दिवस. ही मुदत आम्हा फ्लॅटधारकांनी मनाने ठरवलेली नाही. संसदेने ती २०१६ सालीच ठरवून दिली आहे.

रेरा, म्हणजे स्थावर संपदा (विनियमन व विकास) कायद्याचे कलम १४, त्यातले तिसरे उपकलम. ताबा दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत इमारतीच्या सांगाड्यातला दोष, कारागिरीतला किंवा मालाच्या दर्जातला दोष, सेवासुविधांमधली उणीव किंवा करारातल्या कबुलीचा भंग निदर्शनास आणून दिला, की विकासकाने तो तीस दिवसांत एक पैसाही न मागता दूर करायचा. नाही केला, तर ग्राहक नुकसानभरपाईला पात्र ठरतो. एवढेच कलम आहे. त्यात ‘पावसाळा वगळून’ असे लिहिलेले नाही, ‘लेबर उपलब्ध असल्यास’ असेही नाही.

हे सांगावे लागते, कारण तुमचे कॅलेंडर आता आम्हाला पाठ झाले आहे. जूनमध्ये छत गळू लागले की उत्तर येते, ‘भर पावसात वॉटरप्रूफिंग कसं करणार, पाऊस उघडू द्या.’ पाऊस उघडला की गणपती, मग नवरात्र, मग ‘दिवाळीला लेबर गावाला गेलंय, छटपूजा झाल्याशिवाय येत नाही.’ डिसेंबरात ठेकेदार बदललेला असतो आणि नव्याला जुन्या कामाची माहिती नसते. मार्चमध्ये साहेब इयर एंडिंगमध्ये अडकलेले असतात आणि लेबर पुन्हा होळीला गेलेले असते. एप्रिलमध्ये एकजण येऊन मोबाइलवर फोटो काढून जातो. मे महिन्यात उन्हाने डाग वाळतो, तेव्हा विचारतात, ‘आता कुठे गळतंय? दाखवा ना.’ आणि मग पुन्हा जून. असे पाच जून गेले की तुमचा सूर बदलतो. त्या दिवसापर्यंत ‘ताई’, ‘काका’ म्हणणारा ग्राहकसंबंध (सीआरएम) मॅनेजर एका ओळीचा ईमेल पाठवतो: दोषदायित्वाचा कालावधी संपुष्टात आला आहे.

हा योगायोग नाही, हा धंद्याचा हिशेब आहे. एका गच्चीचे काम नव्याने करायला लाखांत खर्च येतो आणि पाच वर्षे गोड बोलायला फक्त एका सीआरएम मॅनेजरचा पगार लागतो. हे गणित आता चालणार नाही, कारण कायद्याने विचारलेला प्रश्न वेगळा आहे. दोष तुमच्या नजरेस पाच वर्षांच्या आत आणून दिला होता का, एवढेच तो विचारतो. तुम्ही पाच वर्षे टोलवाटोलवी केलीत, ही तुमची ढाल होऊ शकत नाही. तारीखवार लेखी तक्रारी ज्या सोसायटीच्या फायलीत आहेत, तिच्यासमोर तो एका ओळीचा ईमेल तुमच्याच विरुद्धचा पुरावा आहे.

दुरुस्ती कशाला म्हणायचे, तेही एकदा स्पष्ट होऊ दे. वरच्या मजल्यावरचा कुठलाही फ्लॅट घ्या. बेडरूमच्या छताला कोपऱ्यात पिवळट डाग, रंग फुगलेला. नख लावले की पोपडा हातात येतो आणि खाली मिठासारखे पांढरे क्षार दिसतात. सुपरवायझर येतो, बरोबर एक पेंटर पोरगा. तो पोपडे खरवडतो, पुट्टीचे दोन हात मारतो, वर डिस्टेंपर लावतो. सुपरवायझर फोटो काढतो आणि ॲपवर तक्रारीसमोर ‘क्लोज्ड’ असे हिरव्या अक्षरात उमटते. या सगळ्या वेळात गच्चीवर कोणी पाऊलही ठेवलेले नसते. पाणी मात्र तिथूनच येत असते: तडकलेल्या कोब्यातून, कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यातून, पावसाच्या पाइपच्या तोंडाशी नीट न बसवलेल्या जाळीखालून. वरची गळती खालून थांबत नाही, हे साइटवरच्या हेल्परलाही कळते. गच्चीची तोंडे बंद करून पाणी साठवायचे, किमान एक दिवस ठेवायचे आणि खाली छत बघायचे, ही साधी परीक्षा असते. ती न करता मारलेल्या पुट्टीला आम्ही दुरुस्ती म्हणणार नाही. पुरावा पुसण्याचा प्रयत्न म्हणून तिची नोंद करू, फोटोसह.

भेगांचेही तसेच. एएसी ब्लॉकची भिंत आणि काँक्रीटचा कॉलम यांचे आकुंचन-प्रसरण सारखे नसते, म्हणून प्लास्टर करण्याआधी त्या सांध्यावर जाळी ठोकायची असते. जाळी वाचवली की वर्ष-दोन वर्षांत छतापासून फरशीपर्यंत सरळ उभी रेघ पडते. विचारले की सांगतात, ‘हेअरलाइन आहे, बिल्डिंग सेटल होतेय.’ काही भेगा खरोखरच वरवरच्या असतात, हे मान्य. पण बीमवर तिरकी गेलेली, किंवा जिच्या कडेला गंजाचा तांबूस ओघळ उतरलाय अशी भेग प्लास्टरची नसते; तिथे आतली सळई बोलत असते. कुठली भेग कसली, हे ज्याने काम केले त्यानेच ठरवायचे, ही पद्धत बंद. मुंबईत व्हीजेटीआय, पुण्यात सीओईपी यांसारख्या संस्था आहेत, नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत. अहवाल त्यांचा चालेल. तुमच्या पेरोलवरच्या इंजिनिअरचा ‘सब ठीक है’ चालणार नाही.

हा आग्रह कुणाला अतिरेक वाटत असेल, तर त्याने महाड आठवावे. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी तिथली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत बसली आणि १६ माणसे गेली. ती काही शंभर वर्षांची चाळ नव्हती. जेमतेम दहा वर्षांची इमारत होती. मोठ्या शहरातल्या महागड्या टॉवरला हे लागू नाही, असे म्हणायचीही सोय उरलेली नाही. १० फेब्रुवारी २०२२ रोजी गुरुग्राममधल्या चिंटेल्स पॅराडिसो या उंची गृहसंकुलात एका टॉवरच्या सहाव्या मजल्यापासून खालपर्यंतचे स्लॅब एकावर एक कोसळले, दोन महिला दगावल्या. आयआयटी दिल्लीने तपासणी केली तेव्हा दोष थेट काँक्रीटमध्ये सापडला: त्यात क्लोराइड होते, सळया आतून गंजत होत्या आणि तो टॉवर दुरुस्त होण्यासारखा नव्हता. लॉबी, क्लब हाउस, स्विमिंग पूल सगळे होते तिथे.

आता तडजोडीबद्दल. आमची तडजोडीला ना नाही, उलट पहिली पसंती तिलाच आहे. कोर्टकचेरीची कुणाला हौस असते? रेरा कायद्यातच समेटाची सोय आहे आणि राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, महारेराने, २०१८ पासून सलोखा मंच चालवला आहे, ज्यात ग्राहक संघटनेचा एक आणि बिल्डर संघटनेचा एक असे प्रतिनिधी समोरासमोर बसतात. या आणि बसा. पण ज्या कागदाला तुम्ही तडजोड म्हणता, तो कागद आम्ही वाचला आहे. वर्षभराचा मेंटेनन्स माफ, बदल्यात ‘आमची बांधकामाबाबत कोणतीही तक्रार नाही व भविष्यात राहणार नाही’ या वाक्याखाली सही. किंवा किल्ली देतानाच पुढे सरकवलेल्या दहा-बारा कागदांच्या गठ्ठ्यात तेच वाक्य, बारीक टायपात, पेढ्यांच्या बॉक्सखाली. कधी चेअरमनला एक जादा पार्किंग मिळते आणि सोसायटीची तक्रार आपोआप थंड होते.

अशा कागदांबाबत दोन गोष्टी दोन्ही बाजूंनी नीट समजून घ्याव्यात. बंगळूरमधल्या ३३९ फ्लॅटधारकांचे डीएलएफ सदर्न होम्सविरुद्धचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात ऑगस्ट २०२० मध्ये निकाली निघाले. ताबा किंवा खरेदीखत हवे असेल तर भरपाईचा हक्क सोडा, ही बिल्डरची भूमिका न्यायालयाने मान्य केली नाही. ताबा घेतला म्हणून ग्राहकाचा दावा बुडत नाही, असे स्पष्ट सांगितले. ही झाली बिल्डरांनी लक्षात ठेवण्याची बाजू. पण त्याच निकालात अकरा खरेदीदारांना वगळले गेले, कारण त्यांनी बिल्डरशी रीतसर तडजोडीचे करार केले होते. बाकीच्या बहुतेकांना भरपाई मिळाली, या अकरा जणांना नाही. ही झाली आमच्या बाजूने कानाला खडा लावण्याची गोष्ट. सरसकट छापील हमीपत्र वेगळे आणि डोळे उघडे ठेवून केलेला समेट वेगळा. दुसऱ्यावर सही केलीत की ती निस्तरावी लागते.

म्हणून यापुढे समेट होईल तो असा. दोषाची यादी फ्लॅटवार, जागेवार. ‘गळती काढून देऊ’ असे मोघम नाही. प्रत्येक दोषाचे कारण त्रयस्थ इंजिनिअरने लिहिलेले. दुरुस्तीची पद्धत आणि वापरायचा माल आधी ठरलेला, काम सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख घातलेली. दुरुस्त केलेल्या कामावर नव्याने हमी, आणि ती निदान काही पावसाळे बघेल इतकी. काम संपल्याचा दाखला त्याच त्रयस्थाचा, तुमच्या ठेकेदाराचा नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे, दुरुस्तीच्या अंदाजित खर्चाएवढी रक्कम किंवा बँक गॅरंटी आधी बाजूला ठेवलेली, म्हणजे ठेकेदार अर्ध्यावर पळाला तर सोसायटी दुसऱ्याकडून काम करून घेईल. हे सगळे स्टॅम्प पेपरवर लिहून घरी ठेवायचे नाही, तक्रार दाखल असेल तर संमतीच्या अटी म्हणून प्राधिकरणापुढे नोंदवायचे, म्हणजे त्याला आदेशाचे बळ येते. ज्या बिल्डरला आपल्या कामाची खात्री आहे, त्याला यातली एकही अट जड जाणार नाही. आणि असे बिल्डर आहेत, हेही लिहून ठेवतो; पहिल्या पावसानंतर स्वतःहून माणसे पाठवून गच्च्या तपासणारे. हा इशारा त्यांच्यासाठी नाही.

समेट नको असेल तर दुसरा रस्ता कसा आहे, तोही बघून ठेवा. दुरुस्तीच्या आदेशासाठी महारेरा, भरपाईसाठी तिथलाच न्यायनिर्णय अधिकारी. प्राधिकरणाचा आदेश मोडलात तर कलम ६३ प्रमाणे रोजच्या रोज दंड चढतो आणि तो प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. अपील करायचे तर विकासकाला आधी पैसे भरावे लागतात: दंड असेल तर निदान ३० टक्के, ग्राहकाला द्यायची रक्कम असेल तर व्याजासह ती सगळी. अपिलीय न्यायाधिकरणाचा आदेशही धाब्यावर बसवलात, तर कलम ६४ मध्ये तीन वर्षांपर्यंतचा कारावास आहे. भरपाई दिली नाहीत तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. आता, वसुलीचे वॉरंट निघाले की दुसऱ्या दिवशी पैसे येतात, अशा भ्रमात आम्ही नाही. तहसील कार्यालयाच्या चकरा कशा असतात ते ठाऊक आहे. पण तुमच्या पुढच्या प्रकल्पाच्या ग्राहकालाही महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पावरच्या तक्रारी बघता येतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे. रेरा आहे म्हणून ग्राहक कायदा संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इम्पेरिया स्ट्रक्चर्सच्या निकालात सांगितले. करारात लवादाचे कलम आहे म्हणून ग्राहकाला आयोगाकडे जाता येत नाही, हा तुमच्या वकिलांचा आवडता मुद्दाही २०१८ मध्येच निकाली निघाला आहे. आणि करार एकतर्फी असेल तर तो ग्राहकावर लादता येत नाही, हे २०१९ मध्ये पायोनियर अर्बनच्या प्रकरणात ठरले. तेव्हा ‘ॲग्रीमेंटमध्ये एकच वर्ष लिहिलंय’ हे वाक्य पुन्हा ऐकवू नका. कायद्याने पाच म्हटले तिथे तुमच्या छापील करारातले एक वर्ष टिकत नाही.

ज्या सोसायट्या अजून झालेल्याच नाहीत, त्यांच्याबद्दल दोन शब्द. निम्म्याहून अधिक फ्लॅट बुक झाल्यावर तीन महिन्यांत संस्था उभी करून देणे हे विकासकाचे काम आहे. ते लांबवायचे, मग ‘सोसायटीच नाही तर तक्रार कोण करतंय?’ असे विचारायचे, ही खेळी जुनी झाली. एकटा फ्लॅटधारकही तक्रार करू शकतो. आणि कन्व्हेयन्स झाले म्हणजे इमारत आमच्या गळ्यात घालून तुम्ही सुटलात, असेही नाही. सांगाड्यातल्या दोषाची तुमची जबाबदारी अभिहस्तांतरणानंतरही शिल्लक राहते, तसे कलम ११ मध्ये लिहिले आहे.

आता आमच्याच लोकांना, आणि तितक्याच कडक शब्दांत. व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकरा वाजता टाकलेला फोटो आणि त्याखालचे सत्तावीस अंगठे म्हणजे तक्रार नव्हे. बिल्डरच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पत्र, त्याची पोच, त्याच मजकुराचा ईमेल, एवढे केलेत तरच तारीख तुमच्या बाजूने उभी राहते. पाच वर्षे तुमच्या ताब्याच्या तारखेपासून मोजली जातात, शेजाऱ्याच्या नव्हे. ते ताबापत्र आज कपाटातून काढा. ग्राहक आयोगात जायचे असेल तर मुदत दोनच वर्षांची आहे, तक्रारीचे कारण घडल्यापासून, आणि नुसता पत्रव्यवहार चालू ठेवल्याने ती वाढत नाही. ‘ते बघतो म्हणालेत’ या वाक्यावर किती मुदती बुडाल्या असतील!

शिवाय ज्याने ताबा मिळताच बाथरूमची फरशी फोडून तिच्याखालचा खोलगट भाग (संक) उकरला, बाथटब बसवला, किचनचा ओटा हलवला आणि कॉलमला ड्रिल मारून जिना सजवला, त्याने खालच्या फ्लॅटच्या गळतीचे खापर बिल्डरवर फोडायला सोसायटीचे लेटरहेड मागू नये. अशा एका फ्लॅटमुळे बाकीच्या खऱ्या तक्रारी पातळ होतात. बिल्डरचा वकील सुनावणीत नेमका तोच फ्लॅट पुढे करतो. अनेक करारांत लेखी परवानगीशिवाय केलेल्या तोडफोडीला हमी लागू नाही असे स्पष्ट असते. तो मुद्दा त्यांचा बरोबर आहे आणि आपण तो त्यांना फुकट देऊ नये. ज्या समित्या पार्किंगच्या एका पट्ट्यासाठी गप्प बसल्या आहेत, त्यांनी तर वार्षिक सभेत उत्तरे तयार ठेवावीत. इतिवृत्ताची प्रत मागण्याचा हक्क सभासदाला आहे.

बिल्डर मंडळींनी या महिन्यात करायचे काम सोपे आहे. तुमच्याकडे पडून असलेल्या प्रत्येक लेखी तक्रारीला लेखी उत्तर द्या: दोष मान्य की अमान्य, मान्य असेल तर कुठल्या तारखेला माणसे येणार, अमान्य असेल तर कुठल्या अहवालाच्या आधारे. संयुक्त पाहणीची वेळ द्या आणि त्या वेळी निर्णय घेऊ शकेल असा माणूस पाठवा, सही करण्याचा अधिकार नसलेला पोरगा नको. सोसायटीचे ड्रॉइंग, स्ट्रक्चरल डिझाइन, वॉटरप्रूफिंग एजन्सीचे हमीपत्र, लिफ्ट आणि फायर सिस्टिमचे कागद अडकवून ठेवले असतील तर ते द्या. ते तुमचे नाहीत. भोगवटा प्रमाणपत्र न घेताच ताबे दिले असतील तर आधी ते आणा. ती चूक रोज नव्याने घडत असते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये समृद्धी सोसायटीच्या प्रकरणात म्हटले आहे. म्हणजे तिथे वेळकाढूपणाचाही उपयोग नाही.

तीस दिवसांत हे झाले नाही, तर एकतिसाव्या दिवशी फोन येणार नाही, मेसेज येणार नाही, ‘साहेब, जरा बघा ना’ असे कुणी म्हणणार नाही. वकिलाची नोटीस येईल, तिच्याबरोबर फोटो, तारखा, त्रयस्थ अहवाल आणि दुरुस्तीचा खर्च. ती घ्या. पोस्टमनला ‘साहेब बाहेरगावी’ सांगून परत पाठवलेत, तर ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडलेले ते पाकीट न उघडता तसेच तक्रारीला जोडले जाईल.